मधुमालती एका रात्रीत रंग का बदलते?

अगाशीवरची | शनिवार, रात्री १०:१२

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण आठ दिवस डोक्यातून जात नाहीये.

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या भिंतीवर मधुमालती आहे. सासूबाईंनी लावलेली, आता थेट अगाशीपर्यंत चढलीये. (बाहेरगावच्यांसाठी: अगाशी म्हणजे गच्ची. आमच्याकडे गच्ची म्हटलं की घरात मुंबईचा पाहुणा आलाय असं समजतात.) उकाड्यामुळे रोज संध्याकाळी वर बसते, त्यामुळे इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

अंधारून येताना कळ्या उमलतात त्या पांढऱ्या. सकाळी दूध घ्यायला उतरते तेव्हा तीच फुलं गुलाबी. त्याच्या पुढच्या दिवशी लालभडक. आपला भास नको म्हणून एका झुबक्यातल्या तीन कळ्यांना शिवणाचा दोरा बांधून पाहिलं. खरंच तीच फुलं. आणखी एक गंमत: पांढरं असताना फूल आडवं असतं, समोर बघत असल्यासारखं. लाल होईतो मान खाली टाकून लोंबायला लागतं. वास म्हणाल तर रात्री घमघमाट, दुपारी नाक लावलं तरी जेमतेम.

आमचे हे म्हणतात, फूल शिळं होतं म्हणून रंग बदलतो. पण शिळं फूल कोमेजेल ना? हे तर उलट उठून दिसायला लागतं. कुणी जाणकार सांगेल का?

रावपुरा_रिटर्न | शनिवार, रात्री १०:३१

लाजत असेल हो. तुम्ही रोज टक लावून बघताय.

निवृत्त_वनस्पती | रविवार, सकाळी ७:०५

ताई, दोरा बांधलात हे फार चांगलं केलंत. आमचे निम्मे विद्यार्थी पदवी घेऊन गेले, पण कळीला दोरा बांधायचं कुणाला सुचलं नाही.

तुमची मधुमालती दोन पाळ्यांत दुकान चालवते. रात्रपाळीचं गिऱ्हाईक म्हणजे हॉक मॉथ, मोठे जाडजूड पतंग. ते फुलावर बसत नाहीत, समोर हवेत तरंगत सोंड आत घालतात. म्हणून फूल आडवं, म्हणजे सोंड सरळ आत जाते. अंधारात दिसावं म्हणून पांढरं. लांबून पत्ता लागावा म्हणून वास. दिवस उजाडला की गिऱ्हाईक बदलतं. मधमाश्या येतात, फुलपाखरं येतात, शिंजीर येतो. तेव्हा वासाचं काम संपलेलं असतं आणि रंगाचं सुरू होतं.

आता एक फूल तोडून त्याची नळी मोजा. दोन-अडीच इंच भरेल. मकरंद पार तळाशी. साध्या मधमाशीची जीभ तिथवर पोचत नाही, तिला वरवरचे पराग आणि इकडेतिकडे काही मिळेल तेवढंच. म्हणजे नळी हीच गिऱ्हाइकाची निवड आहे.

लांब नळीचा विषय निघाला की डार्विन येतोच. १८६२ साली त्याच्याकडे मादागास्करच्या एका पांढऱ्या ऑर्किडची फुलं आली. फुलाच्या मागे जवळजवळ एक फूट लांब पोकळ शेपूट, आणि मकरंद फक्त शेवटच्या टोकाला. डार्विनने लिहून टाकलं की तिथे तेवढ्याच लांब सोंडेचा पतंग असला पाहिजे. कीटकशास्त्रज्ञ हसले. १९०३ मध्ये मादागास्करचा तसा पतंग शास्त्रात नोंदला गेला आणि नावातच 'भाकीत केलेला' अशा अर्थाचा लॅटिन शब्द बसला. तोवर डार्विन जाऊन २१ वर्षं झाली होती. पतंगाला प्रत्यक्ष त्या फुलावर पाहायला तर १९९२ उजाडलं.

शंकासुर | रविवार, सकाळी ९:४८

सर, माहिती छान, पण भाषेला आक्षेप आहे. 'दिसावं म्हणून पांढरं', 'पत्ता लागावा म्हणून वास'. फुलाला काय माहीत पतंगाला काय दिसतं? वेलीला मेंदू नाही. असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं वेलीने बसून बेत आखला. अशाने हा धागा 'निसर्गाची किमया' मध्ये हलवावा लागेल.

रावपुरा_रिटर्न | रविवार, सकाळी ९:५५

आले शंकासुर. नावाला जागले.

निवृत्त_वनस्पती | रविवार, सकाळी १०:२०

आक्षेप मान्य. चाळीस वर्षांची शिकवायची सवय आहे, 'म्हणून' जात नाही.

अवांतर: शंकासुर हे फुलाचंही नाव आहे, कमाटीबागेत लाल-पिवळं दिसतं ते. त्याचे लांब केसर बाहेर आलेले असतात. फुलपाखरू मध प्यायला आलं की त्याच्या पंखांना पराग चिकटतात. अंगाला नाही, पंखांना. तेव्हा तुम्हीही या व्यवहारात आहात.

भिंगरी | रविवार, दुपारी १:१५

मी जनुकशास्त्र शिकते, म्हणून शंकासुरांच्या प्रश्नात पडते. 'म्हणून' शिवाय सांगायचं तर असं: पिढीत काही रोपांची फुलं जरा जास्त वासाची असतात, काहींची कमी. ज्यांच्याकडे किडे जास्त येतात त्यांना बी जास्त धरतं. पुढच्या पिढीत त्यांची पोरं जास्त. बस. बेत कुणीच आखत नाही.

आणि हे नुसतं तोंडी नाही, करून पाहिलंय. झुरिकमध्ये गेर्वासी आणि शीस्टल यांनी मोहरीच्या नात्यातल्या एका झटपट वाढणाऱ्या रोपाचे गट केले. एका गटावर फक्त बंबलबी सोडल्या (मधमाशीच्या कुळातली गुबगुबीत, केसाळ माशी). दुसऱ्यावर फक्त सिरफिड माश्या, त्या फुलांवर हवेत स्थिर उभ्या राहतात ना, त्या. तिसऱ्या गटाचं परागीभवन हाताने. बी धरलं की तेच पेरायचं, परत तेच. नऊ पिढ्या. २०१७ साली निकाल छापला. बंबलबीवाली रोपं उंच झाली, वास वाढला, फुलांवरची अतिनील चमकही वाढली. आपल्याला ती दिसत नाही, माश्यांना दिसते. सिरफिडवाल्यांची रोपं बुटकी राहिली, वास कमी झाला, आणि ती स्वतःच्याच परागांनी बी धरायला लागली. या माश्या बंबलबीइतकं काम करत नव्हत्या, मग ज्या रोपाला स्वतःचं भागवता आलं त्याचीच पोरं वाढली.

नऊ पिढ्या! आजी ते नात तीन झाल्या, त्याच्या फक्त तिप्पट. मला वाटायचं याला लाखो वर्षं लागतात.

शंकासुर | रविवार, दुपारी २:०२

हे पटलं. पण यात फूल बदललं. माशी बदलली का? धाग्यात 'दोघं एकमेकांना घडवतात' असा सूर आहे म्हणून विचारतो.

भिंगरी | रविवार, दुपारी २:४०

नाही. त्या प्रयोगात फक्त फूलच बदलायला मोकळं होतं.

तुम्ही बरोबर नस पकडलीत. डार्विनचं म्हणणं शर्यतीचं होतं. सोंड लांबली तर पतंग फुलाला न चिकटताच मध पिऊन जातो, म्हणून लांब नळीच्या फुलांना बी जास्त. नळी लांबली तर आखूड सोंडेचा पतंग उपाशी, म्हणून लांब सोंडेचे जगले. आणि पुन्हा पहिल्यापासून. यातला फुलाचा अर्धा भाग स्वीडनच्या निल्सनने १९८८ मध्ये तपासला. रानटी ऑर्किडच्या नळ्या त्याने कृत्रिमरीत्या आखूड केल्या, आणि अशा फुलांचं परागीभवन घटलं.

दुसऱ्या अर्ध्यावर मात्र वाद आहेत. वासरथाल नावाच्या जर्मन संशोधकाचं म्हणणं, मादागास्करमधल्या पतंगांच्या सोंडा फुलांमुळे लांबल्याच नाहीत. फुलावर कोळी दबा धरून बसतो, त्याच्यापासून लांब राहून पिणारा पतंग वाचतो. सोंड आधी लांबली, फुलं मागून त्या गिऱ्हाइकाकडे वळली. उत्तर अमेरिकेतल्या कोलंबाइन फुलांच्या वंशावळीतही २००७ मध्ये असंच दिसलं. नळी हळूहळू वाढत गेलेली नाही. मधमाशीकडून हमिंगबर्डकडे किंवा हमिंगबर्डकडून हॉक मॉथकडे वळताना तिने उड्या मारल्यात.

पण दक्षिण आफ्रिकेत लांब सोंडेची एक माशी आहे, तिथे दोन्ही बाजू हललेल्या दिसतात. वेगवेगळ्या डोंगरांवर मोजलं तर जिथे नळी लांब तिथे सोंडही लांब, जिथे एक आखूड तिथे दुसरीही. तेव्हा 'नेहमी दोघं' असंही नाही आणि 'कधीच नाही' असंही नाही.

मांजलपूरकर | रविवार, रात्री ८:३०

शास्त्रीय चर्चेत शेतकरी घुसतोय, चालवून घ्या.

पादरा रोडला थोडी जमीन आहे, तिथे ड्रॅगन फ्रूट लावलंय. (आमच्या सरकारने २०२१ मध्ये त्याचं नाव कमलम केलं. मंडईत अजून सगळे ड्रॅगनच म्हणतात.) फूल वीतभर, पांढरं, रात्री उमलतं आणि सकाळी ऊन चढलं की मिटलं. ताईंच्या मधुमालतीसारखंच रात्रपाळीवालं. पण हे अमेरिकेतलं निवडुंग, त्याची गिऱ्हाइकं म्हणजे तिकडची वटवाघळं आणि पतंग. इथे पहाटे मधमाश्या येतात, काही काम होतं, पण आमच्या वाणाला स्वतःचे पराग चालत नाहीत, दुसऱ्या वाणाचे लागतात. म्हणून हंगामात रात्री अकराला डोक्याला बॅटरी बांधून, हातात रंगाचा ब्रश घेऊन मी आणि माझा पुतण्या फुलाफुलाला फिरतो. बायको म्हणते, शिकून शेवटी पतंग झालात.

निवृत्त_वनस्पती | रविवार, रात्री ९:१०

मांजलपूरकर, तुम्ही एकटे नाही. व्हॅनिलाचा वेल मेक्सिकोचा. फ्रेंचांनी तो रेयुन्यों बेटावर नेला, वेल वाढला, फुलला, शेंग धरेना. तिकडची माशी इकडे नव्हती. १८४१ मध्ये एडमों अल्बियुस नावाच्या गुलाम मुलाने, वय अवघं बारा, बारीक काडीने फुलातला पडदा उचलून अंगठ्याने पराग दाबायची युक्ती काढली. आजही जगभर व्हॅनिला तशीच हाताने धरवतात.

मांजलपूरकर | रविवार, रात्री ९:२४

बारा वर्षांचा! पुतण्याला वाचून दाखवतो. तो पंचवीसचा आहे आणि दर रात्री कुरकुरतो.

वांग्याचंही सांगून टाकतो. वांग्याच्या फुलात मध नसतोच, फक्त पराग, तेही बंद नळ्यांत, टोकाला बारीक भोकं. मिठाच्या डबीसारखं, हलवल्याशिवाय पडत नाही. पेटीतली मधमाशी येते, खटपट करते, जाते. काळा भुंगा आला की ऐका. फुलाला मिठी मारतो, पंख मिटलेले, आणि एकदम आवाज बदलतो, गुणगुण नाही, दाताच्या डॉक्टरकडचं यंत्र चालल्यासारखं. अंगाच्या थरथरीने पराग भसकन बाहेर. ज्याला ही थरथर येते त्यालाच माल. अगाशीवर कुंडीत वांगी असतील आणि भुंगे येत नसतील तर बॅटरीवाला टूथब्रश देठाला लावून बघा. (जुना घ्या.)

अगाशीवरची | सोमवार, दुपारी ३:४५

अरे बापरे, मी एक प्रश्न विचारला आणि तुम्ही शाळाच भरवलीत. सगळं दोनदा वाचलं. ह्यांनाही वाचायला दिलं, 'शिळं फूल' आता मागे घेतलंय.

आता दुसरा प्रश्न. आमच्या दत्ताच्या देवळामागे औदुंबर आहे. लहानपणापासून ऐकलंय की उंबराचं फूल कुणाला दिसत नाही, मध्यरात्री उमलतं, बघेल तो राजा होतो. क्वचित भेटणाऱ्याला आपण म्हणतोच, काय उंबराचं फूल झालात. मग त्याच्याकडे कोण येतं? कसं येतं?

निवृत्त_वनस्पती | सोमवार, रात्री ८:००

ताई, हा प्रश्न कुणी विचारील म्हणून मी कालपासून वाट बघत होतो.

उंबर हे एक फळ नव्हे, फुलांची बंद पिशवी आहे. कच्चं उंबर अर्धं चिरा, आतल्या भिंतीला शेकडो बारीक फुलं चिकटलेली दिसतील. ती दुर्मिळ नाहीत, आत तोंड करून उमलतात एवढंच. पिशवीच्या टोकाशी एकच दार, त्यावर खवले असे चढलेले की सुई घालणंही कठीण.

त्या दारातून दोनेक मिलिमीटरची वास्प मादी घुसते. गांधीलमाशीची ही चिमुकली चुलत बहीण. घुसताना पंख तुटतात. ते तिला पुन्हा लागणारही नसतात, कारण ती बाहेर येणार नाही. तिच्या छातीवर चक्क खिसे असतात, त्यात जुन्या उंबरातून आणलेले पराग. ते ती फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. अंडं पडलं त्या फुलाची गाठ होते, नाही पडलं त्याचं बी. पुढे गाठींतून आधी नर निघतात. त्यांना पंख नाहीत. माद्या अजून आपापल्या गाठीत बंद असतानाच ते भोक पाडून मीलन उरकतात, मग पिशवीच्या भिंतीतून बाहेरपर्यंत बोगदा खणतात आणि मरतात. एव्हाना आतली नरफुलं पिकलेली असतात. माद्या खिसे भरून त्या बोगद्यातून उडतात, कुठेतरी दुसरं उंबर योग्य वयाचं असेल त्याच्या वासावर. हातात दिवस-दोन दिवसच.

वडाची वास्प वेगळी, पिंपळाची वेगळी. मादीचं डोकं चपटं, पुढे निमुळतं, दाराच्या खवल्यांत सरकेल असं. डार्विनच्या ऑर्किडबद्दल भिंगरी म्हणते तसा वाद आहे, पण इथे कुणी कुणाला घडवलं याचा पुरावा कुलूप आणि किल्ली दोन्हीकडे आहे. हा संसार सात-आठ कोटी वर्षांचा.

आपल्या बडोद्याचं जुनं नाव वटोदर, वडाच्या पोटातलं. वडाची फुलंसुद्धा त्याच्या पोटातच.

शंकासुर | सोमवार, रात्री ८:३५

वाचून शहारे आले, कबूल. पण चोरी कशी होत नाही? मादीने खिसे न भरताच यावं, अंडी घालावी, मोकळं व्हावं. पराग वाहायचे कष्ट कशाला?

भिंगरी | सोमवार, रात्री ९:२०

होते ना चोरी! पनामात यांदर आणि हेर यांनी २०१० मध्ये हेच तपासलं. मुद्दाम पराग नसलेल्या माद्या आत सोडल्या. कित्येक जातींच्या झाडांनी ती फळं कच्चीच गाळून टाकली, आतल्या पिलांसकट. आणि ज्या जातीची झाडं शिक्षा करण्यात ढिली, तिथे चोर जास्त सापडले.

म्हणजे खिसे प्रेमाने भरलेले नाहीत.

शंकासुर | सोमवार, रात्री ९:२६

आत्ता कुठे मला हा धागा आवडायला लागला.

रावपुरा_रिटर्न | सोमवार, रात्री १०:०२

थांबा. म्हणजे अंजीर मांसाहारी?? मी सकाळीच दोन भिजवलेली खाल्ली.

निवृत्त_वनस्पती | मंगळवार, सकाळी ६:५०

पुरंदरची अंजिरं निर्धास्त खा, त्या वाणाला वास्प लागतच नाही, परागांशिवाय फळ पिकतं. उंबर मात्र भरलेलंच असतं. आमच्या शेजारचं जैन कुटुंब वड, पिंपळ, उंबर वगैरे पाच फळं वर्ज्य मानतं, कारण आत जीव असतात. सूक्ष्मदर्शक नव्हता तेव्हापासून. आपल्याकडे 'उंबर फोडून केंबरं काढणे' म्हणतात, त्यातली केंबरं म्हणजे हेच प्राणी. पाहणाऱ्यांनी पाहिलं होतं, नावही ठेवलं होतं.

सुरसागर_काठ | मंगळवार, दुपारी १२:१०

नेहमी फक्त वाचते, आज लिहिते. शाळेत संस्कृतच्या तासाला तो कमळात अडकलेला भुंगा होता ना, संध्याकाळी पाकळ्या मिटतात आणि हा आतच. बाईंनी सांगितलं मधाचा लोभ. खरं असतं का ते?

भिंगरी | मंगळवार, दुपारी १२:५५

पाकळ्या मिटतात, किडे रात्रभर आत राहतात, हे खरं. पण आत नुसता लोभ नाही, ऊबही आहे. कमळ स्वतः उष्णता तयार करतं. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या बागेत मोजलं, १९९६ मध्ये निकाल छापला. बाहेरची हवा १० अंशांपर्यंत उतरली तरी फूल आतून ३० ते ३६ अंशांच्या दरम्यान. आपल्या अंगाइतकं ऊबदार. भुंगेऱ्यांना रात्री हालचाल करायला आयती ऊब मिळते, आणि सकाळी ते परागांनी माखून निघतात. कवीने पाहिलं ते अर्धं बरोबर. कैद होती, पण खोली तापवलेली होती.

सुरसागर_काठ | मंगळवार, दुपारी १:०३

हे बाईंना सांगायला हवं होतं. 🙏

मांजलपूरकर | मंगळवार, रात्री ९:४०

एक तक्रार. मुलीच्या सोसायटीत दर रविवारी धुराची फवारणी होते, डासांसाठी. डास आहेत तसेच आहेत, तिच्या कुंड्यांवरची फुलपाखरं गेली. किडेच राहिले नाहीत तर फुलांचं काय होणार?

भिंगरी | मंगळवार, रात्री १०:१५

एका फुलाचं काय झालं ते मोजलेलं आहे. पॅरिसच्या आसपासच्या शेतांत रानटी पॅन्सी उगवते. वीस-तीस वर्षांपूर्वी जमवून ठेवलेलं बी आणि आजचं बी संशोधकांनी एकत्र वाढवलं. आजची फुलं १० टक्के लहान, मकरंद २० टक्के कमी, आणि स्वतःच्या परागांवर बी धरणं वाढलेलं. गिऱ्हाईक येत नाही म्हणून दुकान आवरत घेतलंय. (शंकासुर, 'म्हणून' लिहिलं, माफ करा.) वाईट हे की मध कमी झाला की उरलेले किडेही उपाशी.

शंकासुर | मंगळवार, रात्री १०:१८

या वेळेला 'म्हणून' माफ.

अगाशीवरची | बुधवार, रात्री ११:५०

आत्ताच खाली आले, पाय चावून चावून लाल झालेत, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

बॅटरीला राखीतला लाल जिलेटीन कागद बांधला, म्हणजे उजेडाने बिथरणार नाहीत. आठपासून हिंचक्यावर बसून होतो दोघं. पावणेनऊपर्यंत काही नाही. हे म्हणाले, तुझे सर पुस्तकातलं सांगतात. आणि तेवढ्यात कानाशी पंखा सुरू झाल्यासारखा घर्रर्र आवाज. मला आधी वाटलं वटवाघूळ. करंगळीएवढं जाड अंग, पंख तर दिसतच नव्हते, नुसता धूसर गोल. फुलाच्या समोर हवेत उभा, आणि तोंडापासून फुलापर्यंत एक दोरा ताणलेला. तीच सोंड! एका फुलावर जेमतेम दोन श्वास, लगेच दुसरं. मी मोजलं: अकरा फुलं, अकराही पांढरी. गुलाबी-लाल झुबके मधेच होते, त्यांच्याकडे ढुंकूनही नाही. सात-आठ मिनिटांनी परत आला, की दुसरा होता, कोण जाणे.

सर, नळी मोजली. फूल उभं चिरून पट्टीवर ठेवलं, सहा सेंटिमीटर आणि वर दोन रेषा. तळाशी मधाचा थेंब होता, ह्यांनी बोटाने चाटून पाहिला. पट्टीही त्यांनीच धरली होती, आणि उद्या मोजणीची वही घेऊन बसू या असं म्हणताहेत.